तरंगता पाणकोट : मुंबई बंदराची दोन चिलखती जहाजं

केळव्याच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिलं, की पोर्तुगीज काळातला पाणकोट नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजासारखा दिसतो. ओहोटीच्या वेळी तिथवर चालत जाता येतं. जवळ गेल्यावर मात्र जहाजाचा भास संपतो आणि उरते ती खडकावर रचलेली दगडी भिंत. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात असे कोट कितीतरी आहेत. शिरगावचा आहे, माहीमचा आहे, तारापूरचा आहे. तारापूरचा कोट चिमाजीअप्पांच्या फौजेनं जानेवारी 1739 मध्ये जिंकला, तो तटाला सुरुंग लावून. त्या हल्ल्यात मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. तटाला खालून खिंडार पाडावं लागलं, कारण जाड दगडी तट नुसत्या तोफांना सहज दाद देत नाही.

जमिनीवर तट हवा तेवढा जाड बांधता येतो. पैसा, चुना आणि पाथरवट मिळाले की झालं. भिंतीचं वजन खालची जमीन पेलते, त्याची चिंता करावी लागत नाही. आता हाच पाणकोट खडकावरून उचलून पाण्यात सोडायचा आहे असं समजा. त्यानं तरंगायचं, तोफा वाहायच्या, स्वतःच्या इंजिनावर चालायचं आणि शत्रूचे गोळेही झेलायचे. मग त्याची भिंत किती जाड ठेवता येईल? आणि ती जाड ठेवण्यासाठी कशावर पाणी सोडावं लागेल?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या जहाजबांधणीतली हुशार माणसं याच प्रश्नापाशी अडली होती. पहिलं मोठं उत्तर फ्रान्सनं दिलं. त्याच प्रश्नाची एक अगदी वेगळी सोडवणूक 1870 च्या सुमारास मुंबई बंदरात येऊन तीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. मॅग्डाला आणि ॲबिसिनिया ही त्या दोन जहाजांची नावं. महाराष्ट्राच्या सागरी इतिहासात ती जवळजवळ विसरली गेली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. ती कशी बांधली होती हे कळलं, की ती आयुष्यभर मुंबईतच का राहिली हेही आपोआप कळतं.

लाकडाचे दिवस का संपले

त्याआधीची कित्येक शतकं लढाऊ जहाज लाकडाचंच असे, आणि ते लेचंपेचं मुळीच नव्हतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही 1817 ची युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. अशा जहाजाच्या कुशीत लोखंडाचा भरीव गोळा घुसला, तर पडलेलं भोक सुतार लाकडी गुट्टी ठोकून बुजवत. लाकूड थोडं मिटतंही. शेकडो गोळे खाऊन न बुडालेल्या जहाजांची उदाहरणं पुष्कळ आहेत.

फ्रेंच तोफखान्यातले अधिकारी पेक्सां यांनी 1820 च्या दशकात ही परिस्थिती पालटली. आत दारू भरलेला पोकळ गोळा जहाजावरच्या तोफेतून सरळ रेषेत मारता यावा, अशी तोफ त्यांनी तयार केली. हा गोळा लाकडात रुतून बसे आणि मग फुटे. भोक बुजवणं शक्य होतं, पण आतून फाटलेली आणि पेटलेली कूस कोण बुजवणार? 30 नोव्हेंबर 1853 रोजी काळ्या समुद्रातल्या सिनोपच्या बंदरात रशियन आरमारानं असेच गोळे वापरून तुर्की आरमाराची वाताहत केली. लाकडी जहाजांचा काळ सरल्याची खूण साऱ्या जगाला त्या दिवशी पटली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 17 ऑक्टोबर 1855 रोजी, क्रिमियाच्या युद्धात फ्रेंचांनी किनबर्नच्या रशियन किल्ल्यासमोर तीन विचित्र तराफे आणून उभे केले. रुंद, बोजड, जेमतेम चालणारे, पण बाजूंना दहा सेंटिमीटरच्या आसपास जाडीचे लोखंडी पत्रे मारलेले. एकेका तराफ्यावर साठ-सत्तर गोळे आदळले आणि पत्र्यांवर नुसते पोचे पडले. माणसं दगावली ती तोफांच्या खिडक्यांतून आत शिरलेल्या गोळ्यांनी. लोखंडाची भिंत तरंगू शकते हे सिद्ध झालं. आता ती खुल्या समुद्रात नेता येईल का, एवढंच पाहायचं होतं.

फ्रान्सची ‘ला ग्लुआर’

हे काम द्युप्वी द लोम या फ्रेंच जहाजशिल्पीनं केलं. तूलाँच्या गोदीत 1858 च्या मार्चमध्ये ‘ला ग्लुआर’चं काम सुरू झालं, 24 नोव्हेंबर 1859 ला ती पाण्यात उतरली आणि 1860 मध्ये नौदलात आली. खुल्या समुद्रात फिरणारं जगातलं पहिलं चिलखती लढाऊ जहाज ते हेच. लांबी सुमारे 78 मीटर, वजन सुमारे 5,600 टन, 36 तोफा, वाफेचं इंजिन आणि शिवाय शिडंही. वेग तासाला 13 सागरी मैल, म्हणजे सुमारे 24 किलोमीटर.

तिची बाजू पाण्याखाली दोन मीटरपासून वर डेकपर्यंत 12 सेंटिमीटर जाडीच्या लोखंडानं मढवलेली होती. इथे एक साधा हिशेब करून पाहू. लोखंड पाण्याच्या पावणेआठपट जड असतं. म्हणजे 12 सेंटिमीटर जाडीच्या पत्र्याचा फक्त एक चौरस मीटर तुकडा सुमारे 930 किलोचा. सतरंजीएवढी जागा झाकायला साधारण टनभर लोखंड लागतं, आणि झाकायच्या होत्या त्या संपूर्ण जहाजाच्या दोन्ही बाजू.

एवढं वजन लादल्यावर जहाज खाली बसणारच. ‘ला ग्लुआर’च्या तोफांच्या खिडक्या पाण्यापासून दोन मीटरांहूनही कमी उंचीवर आल्या. समुद्र खवळला की या तोफा वापरणं अवघड व्हायचं. पूर्वीच्या लाकडी युद्धनौकांना तोफांचे दोन-दोन, तीन-तीन मजले असत. इथे एकाच मजल्यावर भागवावं लागलं. वरच्या मजल्याचं वजन वाचवलं आणि ते चिलखतात घातलं. चिलखती जहाजाच्या रचनेत ही देवाणघेवाण सतत चालू असते. एक इंच कुठे वाढवला, की दुसरीकडे कुठेतरी काहीतरी कापावं लागतं.

आतलं अंग मात्र लाकडाचंच होतं. बाहेरून लोखंडी अंगरखा, आत लाकडी शरीर. कारण व्यावहारिक होतं. संपूर्ण जहाजं लोखंडात बांधायची तर लागणारं लोखंड आणि तशा गोद्या त्या वेळी फ्रान्सकडे पुरेशा नव्हत्या. घाईही होती. त्या घाईची किंमत पुढे मोजावी लागली. ‘ला ग्लुआर’च्या बहिणी ‘नॉर्मंडी’ आणि ‘आंव्हँसिब्ल’ पुरेशा न मुरलेल्या लाकडात बांधल्या गेल्या. ‘नॉर्मंडी’नं 1862 मध्ये मेक्सिकोपर्यंत जाऊन अटलांटिक ओलांडणारं पहिलं चिलखती जहाज हा मान मिळवला, पण 1870 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दोन्ही बहिणींची लाकडं कुजून त्या मोडीत निघाल्या. स्वतः ‘ला ग्लुआर’ 1879 मध्ये यादीतून वगळली गेली. त्याच पिढीतली, पण सगळी लोखंडात बांधलेली फ्रेंच ‘कुरॉन’ विसाव्या शतकातही कामात होती.

इंग्लंडनं ‘ला ग्लुआर’ला 1860 मध्ये ‘वॉरियर’नं उत्तर दिलं. तिची लांबी 128 मीटर आणि वजन नऊ हजार टनांवर. लाकडाचा सांगाडा एवढा लांब करता येत नाही, तो मध्ये वाकतो. लोखंडाचा करता येतो. शिवाय लोखंडी जहाजाच्या पोटात पाणी न झिरपणाऱ्या भिंती घालून त्याचे वेगवेगळे कप्पे पाडता येतात; एक कप्पा भरला तरी बाकीचं जहाज तरंगतं. ‘वॉरियर’ आज पोर्ट्समथला संग्रहालय म्हणून उभी आहे.

लोखंडामागे सागवान कशासाठी

चिलखताचा पत्रा जहाजाच्या अंगावर थेट ठोकत नसत. मध्ये लाकडाचा जाड थर असे, ‘वॉरियर’मध्ये तर तब्बल 18 इंचांचा. हे लाकूड गोळा अडवायला नव्हतं. पत्र्यावर गोळा आदळला की धक्का एका बिंदूवर बसतो, पत्रा धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर एकदम ताण येतो आणि ते तुटून आतल्या माणसांवर गोळीसारखे उडू शकतात. लाकूड थोडं दबतं, धक्का मोठ्या जागेवर पसरवतं आणि पत्र्याच्या मागून उडणाऱ्या कपच्याही अडवतं.

ब्रिटिशांनी या थरासाठी ओक न घेता सागवान पसंत केलं, आणि त्याचं कारण रसायनात आहे. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते ओलाव्यात लोखंड खातं. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं, ते लोखंडाला सांभाळतं आणि लाकडालाही कुजू देत नाही. जव्हार-मोखाड्याच्या आणि डांगच्या जंगलातला साग ज्यांनी घराच्या तुळयांत पाहिलाय, त्यांना त्याचं आयुष्य वेगळं सांगायला नको. डांगची जंगलं तर इंग्रजांनी 1842 मध्ये इमारती लाकडासाठीच भाडेपट्ट्यानं घेतली होती.

लोखंडाचा पत्रा बनवणंही सोपं नव्हतं. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलवर काम केलेल्या माणसाला याची लगेच कल्पना येईल. आज लाल तापलेला गोळा रोलरमधून जातो आणि हवा त्या जाडीचा होऊन बाहेर येतो. तेव्हा भरीव लोखंडाचा एवढा मोठा एकसंध तुकडाच मिळत नसे. पातळ पट्ट्या एकावर एक रचून, भट्टीत पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत तापवून, वाफेच्या घणानं ठोकून किंवा रोलरखाली दाबून त्यांचा एक जाड पत्रा करत. पट्ट्या नीट एकजीव झाल्या नाहीत, तर गोळा लागताच पत्रा थरांथरांत सुटायचा.

कमी उंचीचा मोह आणि ‘कॅप्टन’चा अंत

तोफा वाढत चालल्या होत्या, म्हणून चिलखतही वाढवायला हवं होतं. पण वजन कुठून आणायचं? एक मार्ग होता. जहाजाची बाजूच बुटकी करायची. बाजू बुटकी असेल तर मढवायची जागा कमी, म्हणून त्याच वजनात पत्रा जाड. शिवाय दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा ठेवण्याऐवजी मोजक्या पण प्रचंड तोफा फिरत्या गोल बुरजात बसवायच्या. बुरूज फिरला की तीच तोफ कोणत्याही दिशेला मारा करते. अमेरिकेच्या ‘मॉनिटर’नं 9 मार्च 1862 च्या लढाईत ही कल्पना खरी करून दाखवली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती वादळात बुडाली. डेक पाण्याला टेकलेला असेल तर लाटा थेट आत येतात.

बुटक्या जहाजाचा दुसरा धोका लगेच दिसत नाही, म्हणून तो नीट समजून घेऊ.

सातपाटीचा तांडेल मासेमारीला निघताना बर्फ बोटीच्या पोटात, अगदी तळाशी भरतो. तेवढाच बर्फ केबिनच्या टपावर रचला तर वजन तेच राहील, बोट पाण्यात तेवढीच बसेल, पण पहिल्या मोठ्या लाटेला ती कलंडेल. वजन किती आहे एवढंच महत्त्वाचं नाही, ते किती उंचीवर आहे हेही तितकंच महत्त्वाचं. जड बुरूज आणि तोफा वर बसवलेलं जहाज म्हणजे टपावर बर्फ रचलेली बोट.

मग जहाज कलंडत का नाही? ते एका बाजूला झुकलं, की त्या बाजूचं जास्त अंग पाण्याखाली जातं आणि पाणी त्या बाजूला जोरानं वर ढकलतं. हा रेटा जहाजाला पुन्हा सरळ करतो. झुकणं जेवढं वाढेल तेवढा हा रेटाही वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच. डेकची कड पाण्यात गेली, की आता बुडायला नवीन अंगच उरत नाही. तिथून पुढे रेटा वाढायचं थांबतो आणि मग घटू लागतो. उंच बाजूच्या जहाजाची कड उशिरा बुडते, बुटक्याची लवकर.

ब्रिटिश नौदलाची ‘कॅप्टन’ ही बुटक्या बाजूंची, जड बुरुजांची आणि वर उंच डोलकाठ्यांवर भरपूर शिडं असलेली. फिरत्या बुरुजाचे पुरस्कर्ते कूपर कोल्स यांनी ती हट्टानं बांधवून घेतली. बांधताना वजन हिशेबापेक्षा वाढलं आणि मुळातच कमी असलेली बाजू आणखी पाण्यात गेली. नौदलाचे मुख्य जहाजशिल्पी एडवर्ड रीड यांनी आधीपासून धोक्याचा इशारा दिला होता. नंतर केलेल्या गणितात असं दिसलं, की सरळ करणारा रेटा साधारण 21 अंशांच्या कलण्यानंतर घटू लागत होता. 7 सप्टेंबर 1870 रोजी मध्यरात्रीनंतर स्पेनच्या किनाऱ्याजवळ वाऱ्यात ती उलटली. सुमारे 480 माणसं गेली. त्यांत खुद्द कोल्सही होते.

नेमक्या त्याच आठवड्यांत लंडनच्या गोद्यांत मुंबईसाठीची दोन बुटकी, बुरुजांची जहाजं पुरी होत आली होती.

मुंबईला ती हवी कशाला होती

ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबईत ठाण मांडलेलं ‘इंडियन नेव्ही’ 1863 मध्ये बरखास्त झालं होतं. दुसरीकडे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, बंदर श्रीमंत झालं. 17 नोव्हेंबर 1869 ला सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोप मुंबईच्या एकदम जवळ आला. व्यापार जवळ आला, तशीच परकी युद्धनौकाही जवळ आली. फ्रान्स आणि रशिया या दोघांची भीती इंग्रजांच्या मनात कायम होतीच.

दोन्ही जहाजांची नावं 1868 च्या ॲबिसिनियावरच्या, म्हणजे हबशी देशावरच्या मोहिमेवरून ठेवली. मुंबई सैन्याचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली ही मोहीम मुंबईहून निघाली. सोबत हजारो सैनिक आणि तोफा वाहायला 44 हत्ती. 13 एप्रिल 1868 रोजी मॅग्डालाचा डोंगरी किल्ला पडला. त्या विजयाची नावं मुंबईच्या पहारेकऱ्यांना मिळाली.

मॅग्डालाची रचना

रीड यांच्या आराखड्यावर बांधलेली ‘मॅग्डाला’ टेम्स आयर्नवर्क्समध्ये 2 मार्च 1870 ला पाण्यात उतरली. तिची जरा लहान आणि स्वस्त बहीण ‘ॲबिसिनिया’ त्याच्या काही दिवस आधी, 19 फेब्रुवारीला, लंडनच्याच डजन यांच्या गोदीतून उतरली.

रीड यांनी बुटक्या जहाजाचा प्रश्न फार नेटका सोडवला. लांबी 225 फूट, म्हणजे 68 मीटर आणि काही सेंटिमीटर. डेक पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच. पण डेकच्या मधल्या भागावर त्यांनी एक लांबट, चिलखती कठडा उभारला, किल्ल्याच्या तटावरचा कोट असावा तसा. धुराडं, वायुवीजनाच्या नळ्या, खाली उतरायची दारं सगळी या कठड्याच्या आत. कठड्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक फिरता बुरूज, प्रत्येकात दोन तोफा. लाट डेकवर आली तरी ती कठड्यावर आपटून फिरायची, आत शिरत नसे. ‘मॉनिटर’ जिथून पाणी आत घेत होती ती सगळी भोकं उंचावर गेली. तोफाही उंचावल्या. वरचं वजन मात्र फारसं वाढलं नाही, कारण कठडा मधल्या भागापुरताच होता आणि वर कायमची शिडं नव्हतीच.

आता ‘ला ग्लुआर’च्या 12 सेंटिमीटरशी तुलना करा. ‘मॅग्डाला’च्या पाणरेषेवर मध्यभागी 8 इंच, म्हणजे 20 सेंटिमीटर लोखंड. बुरुजांच्या दर्शनी बाजूला 10 इंच, म्हणजे 25 सेंटिमीटर. त्या बुरुजाच्या एका चौरस मीटर चिलखताचं वजन जवळजवळ दोन टन. फ्रेंच जहाजापेक्षा दुप्पट जाड चिलखत, आणि जहाजाचं एकूण वजन सुमारे 3,400 टन, म्हणजे ‘ला ग्लुआर’च्या बरंच कमी. बाजूची उंची कापल्यामुळेच हे जमलं.

तरी जागा किती कमी उरली होती ते पाहा. जहाजाच्या पाणरेषेचा पसारा ढोबळपणे 700 चौरस मीटर धरला, तर दर सात टनांनी ते एक सेंटिमीटर खाली बसतं. बाजूंचं मिळून 350 चौरस मीटर चिलखत धरू आणि त्यावर आणखी एकच इंच चढवू. सुमारे 70 टन वाढले, जहाज दहा सेंटिमीटर खाली. डेक पाण्यापासून मीटरभर उंच असताना दहा सेंटिमीटर ही चैन परवडत नाही.

> चौकटीत : चार जहाजं
> ‘ला ग्लुआर’ (फ्रान्स, 1859) : आत लाकूड, 12 सेंमी चिलखत, 78 मी लांब, सुमारे 5,600 टन, 36 तोफा
> ‘वॉरियर’ (ब्रिटन, 1860) : सगळं लोखंड, 11 सेंमी चिलखत, 128 मी लांब, 9,000 टनांवर
> ‘मॅग्डाला’ (मुंबई, 1870) : सगळं लोखंड, 20 सेंमीपर्यंत बाजू, बुरूज 25 सेंमीपर्यंत, 68 मी लांब, सुमारे 3,400 टन, 4 तोफा
> ‘ॲबिसिनिया’ (मुंबई, 1870) : 18 सेंमीपर्यंत बाजू, 68 मी लांब, सुमारे 2,900 टन, 4 तोफा
> (कंसातलं साल जहाज पाण्यात उतरलं ते)

‘मॅग्डाला’च्या चारही तोफा 10 इंच नळीच्या, प्रत्येकी 18 टनांच्या. एक गोळा सुमारे 180 किलोचा, आणि तो तोफेच्या तोंडातूनच भरायचा. बुरुजाच्या आत तोफ मागे ओढायची, नळीच्या तोंडात दारू आणि गोळा ठासायचा, पुन्हा पुढे सरकवायची. 36 तोफांऐवजी चार, पण या चारांपैकी एकच गोळा ‘ला ग्लुआर’सारख्या जहाजाची बाजू फोडायला पुरेसा होता. दहाच वर्षांत तोफा आणि चिलखत यांची शर्यत इथवर आली होती.

‘कॅप्टन’च्या दुर्घटनेला काहीच महिने झाले होते, तेव्हा ‘मॅग्डाला’ इंग्लंडहून मुंबईकडे निघाली. एवढ्या लांबच्या प्रवासापुरत्या तिच्यावर तीन तात्पुरत्या डोलकाठ्या चढवल्या होत्या. 1870-71 च्या हिवाळ्यात ती मुंबईत पोचली. तशी जहाजं समुद्र ओलांडू शकत होती, पण सावधपणे, चांगला मोसम गाठून.

तीस वर्षांचा पहारा

मुंबईचं बंदर बेटाच्या पूर्वेला आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्याची लाट कुलाब्याच्या टोकाबाहेर फुटते, आत तुलनेनं शांत पाणी असतं. बुटक्या जहाजासाठी यापेक्षा बरी जागा शोधून सापडली नसती. त्याच लाटांमुळे जून ते ऑगस्ट सातपाटी, दातिवरे, नांदगावच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ‘मॅग्डाला’ला बाहेर काढून डहाणूपर्यंत पावसाळी गस्त घालायला लावणं म्हणजे ‘मॉनिटर’चा प्रयोग पुन्हा करणं झालं असतं. शिवाय ती पाण्यात साडेचार मीटरांहून अधिक खोल बसायची. आपल्या इकडच्या उथळ खाड्यांत तिला शिरताच आलं नसतं.

म्हणून दोघी आयुष्यभर बंदरातच राहिल्या. ‘मॅग्डाला’ अधूनमधून नेमबाजीच्या सरावाला बाहेर जायची आणि परत यायची. शत्रूवर गोळा डागायची वेळ कधी आली नाही. यावरून कुणी त्यांना वाया गेलेली जहाजं म्हणेल, पण मला ते पटत नाही. त्यांना नेमून दिलेलं कामच दारात उभं राहण्याचं होतं. मिडल ग्राउंड, क्रॉस आयलंड आणि ऑयस्टर रॉक या बंदरातल्या बेटांवर तोफखाने होतेच. ही दोन जहाजं म्हणजे त्याच साखळीतली हलती बेटं. कोणती परकी युद्धनौका किती खोल पाण्यातून आत येईल याचा अंदाज घेऊन त्यांना हवं तिथे उभं करता येत होतं, आणि जमिनीवरच्या तोफखान्याला हे जमत नाही.

आतल्या माणसांचे मात्र हाल होत असणार. चिलखताला खिडक्या नसतात, बाजू पाण्याबाहेर जेमतेम मीटरभर, आणि वर एप्रिल-मेच्या उन्हात तापलेला लोखंडी डेक. लोखंडाच्या बुडाला आणखी एक त्रास असतो. उष्ण कटिबंधाच्या पाण्यात त्यावर शिंपले आणि शेवाळ झपाट्यानं वाढतात आणि वेग घटतो. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा लावून हे टाळता यायचं. लोखंडावर तांबं लावलं तर खाऱ्या पाण्यात विजेचा प्रवाह तयार होऊन लोखंडच खाल्लं जातं. म्हणून गोदीत घेऊन खरवडायचं आणि रंगवायचं, एवढंच हातात उरत असे. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर काढून तिचं बूड खरवडणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना हे काम चांगलंच ठाऊक आहे.

1892 मध्ये ‘मॅग्डाला’च्या जुन्या तोफा काढून तिला मागून भरता येणाऱ्या 8 इंची तोफा दिल्या. पण तिच्या अंगावरचं लोखंड तर बदलता येत नव्हतं, आणि ते झपाट्यानं जुनं होत होतं. 1870 च्या दशकाच्या अखेरीस लोखंडावर पोलादाचा थर दिलेले पत्रे निघाले. 1890 च्या दशकात हार्वे आणि मग क्रुप यांच्या पद्धती आल्या. त्यांत पोलादी पत्र्याचा फक्त पुढचा पृष्ठभाग काचेसारखा कठीण करायचे आणि मागचं अंग चिवट ठेवायचे. कठीण पृष्ठभाग गोळ्याचं टोक फोडतो, चिवट अंग पत्र्याला तडा जाऊ देत नाही. त्या काळच्या ढोबळ मानानं 15 इंच साधं लोखंड जेवढा गोळा अडवी, तेवढा क्रुपचं पावणेसहा इंच पोलाद अडवू लागलं. या हिशेबानं ‘मॅग्डाला’चं 8 इंच लोखंड म्हणजे क्रुपचं केवळ 3 इंच. अंगावर तेवढंच वजन, पण त्या वजनाची ताकद आता तुलनेनं निम्म्याहूनही कमी झालेली.

‘ॲबिसिनिया’ 1903 मध्ये विकली गेली आणि ‘मॅग्डाला’ 1904 च्या जानेवारीत.

जी बहीण अजून पाहता येते

‘मॅग्डाला’ पाहायची इच्छा असेल तर तिची सख्खी बहीण शिल्लक आहे. रीड यांच्याच आराखड्यावर, जवळजवळ त्याच मापानं बांधलेली ‘सर्बेरस’ ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न बंदराच्या रक्षणासाठी 1871 मध्ये तिथे पोचली. 1926 मध्ये तिला ब्लॅक रॉक या उपनगरातल्या हाफ मून बे इथे उथळ पाण्यात बुडवून लाटा अडवायचा बांध म्हणून ठेवलं, आणि ती आजही तिथेच आहे. किनाऱ्यावरून बुरूज आणि मधला कठडा स्पष्ट दिसतो. मेलबर्नला आता कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. मुंबई बंदरात 1870 नंतर काय उभं होतं हे त्यांच्या मुलांना दाखवायचं असेल, तर हाफ मून बेसारखी दुसरी जागा नाही.

1993 मध्ये मात्र गंजलेला सांगाडा खचला आणि सगळं जहाज खाली बसलं. वरचे बुरूज आणि त्यांतल्या 18 टनी तोफांचा भार खालच्या कुजलेल्या लोखंडाला पेलवेना. तेव्हा 2005 मध्ये तिथल्या लोकांनी चारही तोफा बुरुजांतून काढल्या आणि जहाजाशेजारीच समुद्रतळावर ठेवल्या, म्हणजे सांगाड्यावरचे 72 टन एकदम कमी झाले.